बादलीतला थर्मामीटर

डॉ. हळगोंडे सरांनी माझा डावा डोळा वाचवला आणि माझी शिलाई मशीनही. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्यांना हसाल.

सर मेंदूचे डॉक्टर. सोलापुरात नवी पेठेत कापडाच्या दुकानावर त्यांचा दवाखाना. पण पेशंट आत आला की पहिला प्रश्न, "आंघोळीचं पाणी किती गरम?"

"कडक."

"कडक हा आकडा नाही. आकडा सांगा."

मग ड्रॉवरमधून लांब थर्मामीटर निघतो. तो घरी नेऊन बादलीत बुडवायचा आणि आकडा लिहून आणायचा. एका आजोबांनी तो चहात बुडवला. सरांनी तोही आकडा लिहून घेतला.

केस काळे होते तेव्हापासून सर मल्टिपल स्क्लेरोसिसचा अभ्यास करतायत. या आजारात शरीर आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडतं, वायरवरचं प्लॅस्टिक जावं तसं. अंग तापलं की त्या नसांतून निरोप नीट जात नाही. "आणि आपण राहतो कुठं? सोलापुरात," असं ते म्हणतात, जणू इथलं ऊन म्हणजे त्यांच्या घरातलं वाया गेलेलं पोर.

बोळात त्यांनी पंचवीस फुटांच्या अंतरानं दोन पिवळ्या रेघा मारल्यात. पेशंटनं चालायचं, सर घड्याळ लावणार. चहावाल्यालाही सुटका नाही.

"काल पाच सेकंद, आज सात का?"

"सर, आज कप काठोकाठ भरलाय की."

तेही वहीत गेलं.

माझी शाळा सातवीत सुटली. मंगळवेढ्याकडच्या गावातून मी शहरात एका कारखान्यात गणवेश शिवायला आले. एका थंडीत सकाळी डाव्या डोळ्यापुढं धूर दिसायला लागला. दुपारी सगळं साफ. मालकीण म्हणाली, "सकाळच्याला दिसत न्हाय अन् जेवल्यावर दिसतंय व्हय? लई शाणी हायस की."

आईला फोन केला. "गारठा शिरलाय, बाई. निर्गुडीचा पाला टाकून कडक पाण्यानं आंगूळ कर," ती म्हणाली. मी पाणी आणखी तापवलं, धूर आणखी दाट झाला. टाका रेघेवर पडेना. मालकिणीनं शनिवारपर्यंतची मुदत दिली, नाहीतर मशीन दुसरीला.

घाबरून मी सरांचा दवाखाना गाठला, मुदतीचंही सांगितलं. सरांनी माझ्या बादलीचा आकडा वाचला, डोक्याचा फोटो काढायला लावला, त्यात तोच नसांचा आजार दिसला आणि त्यांनी सलाईनमधून औषध सुरू केलं. "आईला सांग, पाला चालेल, पाणी कोमट." शनिवारी ते स्वतः कारखान्यात हजर. इस्त्रीच्या टेबलाशी थर्मामीटर धरून मालकिणीला म्हणाले, "ही पोरगी खोटं बोलत नाही. हिची मशीन इथून हलवा, खिडकीपाशी लावा." मशीन हलली. हळूहळू डोळाही निवळला.

लग्नानंतर मी सुरतेला आले. इथंही शिवणकामच करते, गोळ्या चालू आहेत. पण दोन वर्षांत सरांकडं गेले नाही. बरी असताना त्यांचा वेळ का खायचा? आणि खरं सांगायचं तर भीती वाटायची, गेले आणि त्यांनी नवीन काही शोधून काढलं तर?

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. "डोळा?"

"चांगलाय, सर."

"गोळ्या?"

"रोज घेते. हितले डॉक्टर तपासत्यात."

"मग आली का नाहीस?"

"बरी हाय म्हणून, सर."

फोनमधून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "सगळे हेच म्हणतात. ज्यांचं चांगलं चाललंय ते फिरकत नाहीत. रोज समोर येतात ते बिघडलेले. चांगल्यांच्या रकान्यात मी 'माहीत नाही' लिहितो. कधी कधी वाटतं, इतकी वर्षं मी नुसतं बिघडणंच मोजलं."

मागं कुकरची शिट्टी झाली. मी विचारलं, "घरी कोण कोण हाय, सर?"

"खिचडी एकट्याचीच असते," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून सोलापूरची आठवण फार येते. त्यांचे उपकार फेडायला माझ्याकडं मोठं काही नाही. आईच्या रानात ज्वारी हुरड्याला आली आणि मला रजा मिळाली, की कधीतरी फडक्यात कोवळी कणसं बांधून मी तो जिना चढेन, काहीही दुखत नसताना. दुपारभर समोर बसेन. त्यांना मला नीट बघू देईन.