चाकांवरच्या बिऱ्हाडाची हकीकत

॥ श्री ॥ जो वाट दाखवितो आणि वाटेवर सावलीही देतो त्या मार्गस्वामीस नमन असो. आपण पुसिलें कीं, नागोजीराव दारोगे यांनीं घर न बांधितां चाकांवर बिऱ्हाड कां केलें, आणि तें वाहन कैसें निवडिलें, तें लिहावें. त्यावरून जें ऐकिलें आणि जें डोळां देखिलें तें लिहितों. राज्याचें नांव लिहीत नाहीं, माणसें हयात आहेत.

शके एकोणीसशें चाळीस, विलंबीनाम संवत्सरीं, मार्गशीर्षमासीं, राज्याच्या जलखात्याचे दारोगे नागोजीराव काळभोर चाकरींतून मोकळे जाहले. चौतीस वर्षें धरणांची राखण केली, आणि दर तीन वर्षांनीं बदली, आणि बदलीबरोबर नवें सरकारी घर; आपलें म्हणावें ऐसें छप्पर नाहीं. मग निरोपाची शाल घेऊन आले ते दिवशीं भार्या मथुराबाईसाहेब यांस म्हणाले, "आजवर कोठें राहावें तें सरकारनें सांगितलें. आतां तुम्ही सांगा." बाईसाहेब बोलिल्या, "अहो, जन्मभर आपण पाणी अडविलें. सोडिलें तें कोठें गेलें, तें मीं कधीं पाहिलें नाहीं. एके ठिकाणीं बसावें ऐसें आतां मन घेत नाहीं. घर असावें, पण चालतें असावें." रावांस ही मसलत मानवली. कन्या अहिल्याबाई दूर नगरीं राहत, त्यांस कळविलें, त्या म्हणाल्या, "लोक या वयांत घरीं येतात, तुम्ही निघालांत." तरी बेत कायम जाहला.

राव मूळचे हौशी. एका इनामदारानें जुन्या प्रवासी बसचें घर केलें होतें, आंत दिवाणखाना, दोन पलंग, न्हाणी, शेगडी, ऐसा थाट. ती महिनाभर वापरावयास मागून आणिली आणि भाऊबंदांच्या दारावरून मिरवीत नेली. मग घाट लागला. तिसऱ्या वळणीं बस आडवी जाहली ती पुढें जाईना, मागें येईना. खालीं ट्रकांची रांग, वरती वऱ्हाडाच्या मोटारी, आणि बाईसाहेब दुखऱ्या गुडघ्यानें खालीं उतरून चाकामागें दगड लावताहेत. वऱ्हाडांतील दहा-बारा जण उतरले, कोणी हात दाखविला, कोणी दगड सारिला, आणि घटकाभरानें बस सुटली. नवरदेवाचे मामा घामाघूम होऊन म्हणाले, "काका, राजवाडा झकास आहे, पण आमचा मुहूर्त गेला असता." रावांनीं हात जोडिले. बस इनामदारास परत केली.

मग ओढगाडी भाड्यानें आणिली, म्हणजे जीपच्या मागें जोडावयाचें घर. यांत सुख ऐसें कीं, घर झाडाखालीं सोडून जीप घेऊन बाजारास जावें. पण राव एका शेतवाटेनें गेले, वाट विहिरीपाशीं संपली, आणि मागें घेऊं जातां जीप एकीकडे आणि घर दुसरीकडे. दोन्हींची मिठी पडून कोयत्यासारखा आकार जाहला. शेतकरी दंडवते आणि त्यांचे चार भाऊ आले, जोड सोडिला, घर हातांनीं फिरविलें, आणि वरतीं पिठलें-भाकरी वाढून म्हणाले, "पुन्हा या, पण पायीं या." बाईसाहेब परततां वाटेंत बोलिल्या, "माणसें किती चांगलीं. पण रोज त्यांच्यावर ओझें घालावें ऐसें नव्हे."

तेव्हां ते बाबालाल शिकलगार मिस्त्री यांजकडे आले. हा मनुष्य गाड्यांचे सांगाडे बांधणारा, बोलण्यांत सावकाश. त्यानें चहा दिला आणि पुसिलें, "साहेब, वर्षांत मुक्काम किती, चाल किती?" राव म्हणाले, "आठवड्यास गांव बदलावें ऐसा मानस." मिस्त्री म्हणाला, "सहा-सहा महिने एका जागीं राहणारानें ओढगाडी घ्यावी, तीच सोयीची. ज्याचें खटलें मोठें त्यानें बस घ्यावी. तुम्ही दोघें. बैलगाडी जाते त्या गल्लींत जाईल ऐसें लहान वाहन घ्या. टेम्पो घेऊं, छप्पर उंच करूं, बाईसाहेब ताठ उभ्या राहून स्वयंपाक करतील ऐसें. पायरी खालीं आणूं, गुडघ्याला बरी." मग बाईसाहेबांकडे पाहून पुसिलें, "आणि साहेबांना ताप आला त्या दिवशीं गाडी कोण हांकणार?"

राव हंसले. म्हणाले, "ताप आला तर थांबूं." मिस्त्री म्हणाला, "थांबायची जागा आपल्या हातीं असते का, साहेब?" तेव्हां बाईसाहेब बोलिल्या, "मी शिकेन." रावांस तें रुचलें नाहीं, त्यांस वाटलें, बायकोनें हांकावी आणि आपण बाजूस बसावें हें कैसें दिसेल. बाईसाहेब म्हणाल्या, "चौतीस वर्षें बदल्यांचें सामान मीं बांधिलें. तें नेणारी गाडी हांकणें त्याहून अवघड नसावें." रावांनीं मिस्त्रीच्या जुन्या टेम्पोची चावी मागून त्यांच्या हातीं दिली. मग वाहन तयार होईतों बाजारतळाच्या मोकळ्या मैदानीं शिकणें आरंभिलें. पहिले दिवशीं कडब्याच्या गंजींत गाडी घातली, राव रागें भरले, आणि बाईसाहेबांनीं केसांतील कडबा काढिला आणि पुन्हा चावी फिरविली. वयाचें सत्तावन्नावें वर्ष, चाळीस दिवस रियाज, आणि परवाना मिळाला. वाहन तयार जाहलें, दोघें निघालीं, तरी राव सुकाणू सोडीत ना. सपाट रस्त्यावर तेवढी गाडी त्यांस देत, आणि तेव्हांही पाय आपलाच दाबीत, जणूं ब्रेक त्यांच्याच बाजूस आहे.

ऐसीं दोन वर्षें गेलीं. नदीच्या कांठाकांठानें उतरत ते समुद्रास पावले, आणि एका खाडीच्या गांवीं सुरूच्या बनांत मुक्काम केला. तेथें जयवंती तांडेल म्हणून जाळीं विणणारी बाई होती, तिनें आपल्या विहिरीचें पाणी दिलें आणि लोभ जडला. पौषांत एके सकाळीं राव बादलीनें टांकी भरीत होते, बादली हातांतून गळाली, आणि छाती धरून पायरीवर बसले. अंगास घाम, तोंडून शब्द निघेना. मोठें इस्पितळ बारा कोसांवर. बाईसाहेबांनीं जयवंतीबाईंस हांक मारिली. मग शेगडी विझविली, भांडीं खालीं ठेविलीं, आणि जयवंतीबाईंनीं हात देऊन रावांस आंत पलंगीं निजविलें. जयवंतीबाई म्हणाली, "वहिनी, मी पुढं बसते. वाट माझ्या पायाखालची आहे." गांवची गल्ली ऐसी कीं, दोहीं बाजूंस चिऱ्यांचे गडगे आणि मध्यें जेमतेम एक गाडी, आरसे मिटून घेतले, आणि चार बोटें इकडे, चार बोटें तिकडे राखीत बाईसाहेबांनीं गाडी काढिली. जयवंतीबाई सांगत होती, "हळू. आता डावं. आता सोडा." मग चढण, मग खाडीपार गाड्या नेणारी तर, मग मोठा रस्ता, आणि दीड तासांत इस्पितळ. डॉक्टर तपासून म्हणाले, "वेळेवर आणलंत. आणखी तासभर गेला असता तर माझा इलाज चालला नसता."

अकरा दिवस राव तेथें राहिले. गाडी आवारांतील चिंचेखालीं उभी, वीस पावलांवर. इतर रोग्यांचे सोयरे पायऱ्यांवर निजत. बाईसाहेबांनीं शेगडी पेटवून त्यांस ऊन पाणी दिलें, एका बाळंतिणीस न्हाऊं घातलें. जयवंतीबाई दोन वेळां एस.टी.नें मासळीचा डबा घेऊन आली. अहिल्याबाई धांवत आल्या आणि बापास पाहून रडल्या, आणि इस्पितळांतून सोडण्याचे दिवशीं म्हणाल्या, "बाबा, आता पुरे झालं. घरी चला. आईवर किती भार टाकणार?" रावांनीं कन्येस जवळ बसविलें. मग म्हणाले, "पोरी, त्या दिवशीं मी पलंगीं पडून खिडकींतून पाहत होतों. वाटलें, हेंच शेवटचें. आणि भातखाचरें दिसलीं, एक म्हातारा पेंढा उडवीत होता, खाडीवर बगळे. तीस वर्षें गाडी हांकली, मीं रस्ता पाहिला. देश त्या दिवशीं पाहिला, तुझी आई हांकत होती म्हणून." कन्येनें आईकडे पाहिलें. मथुराबाई म्हणाल्या, "महिनाभर तुझ्याकडे राहूं. औषधाची घडी बसली कीं निघूं." आणि तैसेंच जाहलें. अहिल्याबाईंनीं महिन्याअखेर औषधांचा डबा बांधून दिला, आणि दोघांस नमस्कार करून निरोप दिला. राव आपण होऊन डावे बाजूस जाऊन बसले, पट्टा लाविला, आणि म्हणाले, "चला, मथुरा." आजवर नुसतें नांव घेऊन हांक मारिली नव्हती.

येणेंप्रमाणें चाकांवरचें बिऱ्हाड स्थिरावलें तें आजतागाईत चालत आहे. राव पोळ्या लाटावयास शिकले, त्या वाटोळ्या होत नाहींत, बाईसाहेब खातात. सारांश, वाहन मोठें तें थोर नव्हे. दोघांस हांकतां येईल आणि परक्याच्या अंगणांत अडचण न करितां मावेल, तें थोर. ज्यांनीं दगड लाविला, भाकरी दिली, वाट दाखविली, त्यांचें ऋण या लेखणीनें फिटत नाहीं. वाचणाराचे दारीं ऐसें एखादें बिऱ्हाड येऊन उभें राहिलें तर त्यास घागरभर पाणी द्यावें, आणि कोठून आलांत तें मागाहून पुसावें. लेखन समाप्त.