विद्वांसकाकांची माशी

कुणाच्याही घरी फुलदाणी दिसली की विद्वांसकाका चष्मा कपाळावर चढवून पहिला प्रश्न विचारतात, "यात माशी कुठंय?"

काका आमचे इंग्लंडातले, कॉव्हेंट्रीतले शेजारी. भुलीचे डॉक्टर, आता रिटायर्ड. एका म्युझियममध्ये त्यांनी फुलदाणीचं, फुलावर माशी बसलेलं, बेल्जियमकडचं एक जुनं फ्लेमिश चित्र पाहिलं आणि तेव्हापासून भूल द्यायचं काम ते नुसत्या तोंडाने करतात. "मान टाकलेला ट्युलिप म्हणजे रूप टिकत नाही. माशी म्हणजे मरण. कळलं का?" कळलं म्हटलं तरी सुटका नाही हो!

आमच्या वास्तुशांतीला या गृहस्थांनी गुच्छ आणला, त्यात प्लॅस्टिकची माशी. सासूबाईंनी कौन्सिलचं पत्रक गुंडाळून असा फटका हाणला की गुलाब थेट गुरुजींच्या मांडीवर. "बघा, क्षणभंगुर!" काका खूश.

पण काकूंच्या पासष्टाव्या वाढदिवसाला त्यांनी कहर केला. काकू नव्या पैठणीत, हॉल माणसांनी भरलेला. काकांनी काकूंच्या हातातल्या गुच्छातला मलूल गुलाब शोधून सगळ्यांना दाखवला आणि "वयाचं हे असंच" यावर दहा मिनिटं बोलले.  आठवड्याने काकू पुण्याला बहिणीकडे निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "ट्युलिप फुलले की येते."

ट्युलिप आले नि गेले. फोनवर काकू म्हणाल्या, "पिओनी फुलू देत." मग गुलाब, मग डेलिया. आम्ही विचारलं की काकांचं ठरलेलं, "येईल गं, बहिणीचा गुडघा दुखतोय."

गेल्या रविवारी मी काकांकडे साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले, तर टेबलावर काकांनी स्वतः रंगवलेलं चित्र. एकाच फुलदाणीत ट्युलिप, पिओनी, गुलाब, डेलिया. गुलाबावर माशी, देठावर गोगलगाय.

"काका, ही फुलं एकाच वेळी कुठे येतात?"

"त्या जुन्या चित्रातलीही एकाच वेळी येत नाहीत. चित्रकार एकेक फूल उमलायची वाट बघायचा. मीही तेच केलं." काका फुलदाणीकडे बघत राहिले. "आता जागा संपली गं."

"मग काकूंना सॉरी म्हणा की!"

"जमत नाही."

मला एकदम भरून आलं. रागही आला. चित्राचा फोटो काढला आणि सरळ काकूंना पाठवला. खाली लिहिलं, 'काका तुमची वाट बघत हे काढत होते.'

काकांची खिचडी संपायच्या आत उत्तर आलं. मी मोठ्याने वाचलं, "आधी ती माशी पुसायला सांग. मग येते."

आता व्याख्यान सुरू होणार म्हणून मी पर्स उचलली.  पण काकांनी बारीक ब्रश शोधला आणि माशीवर गुलाबी रंग चढवला.

मग मान वर न करता म्हणाले, "विचार ना तिला, गोगलगाय चालेल का?"

मी टाइप करत होते, तोवर त्यांनी तीही पुसून टाकली.