वाळलेल्या गवताची खोळ

आमच्या शेजारचे मन्मथआप्पा रोज सकाळी कॉम्प्युटर ओट्यावर आणून उन्हात ठेवतात. उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून मग त्याच्यावर छत्री धरतात. ऊन पाहिजे म्हणून बाहेर आणायचा आणि ऊन लागतं म्हणून झाकायचा.

आप्पांचं लातुरात साड्यांचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकाला ट्यूबलाइटखाली रंग ठरवू दिला नाही. साडी घेऊन थेट रस्त्यावर यायचे. "उजेडात बघा, बाई. ट्यूब खोटं बोलती." दुकान विकलं, खोड राहिली. मी त्यांच्या साड्यांना फॉल लावायची, धागा हुबेहूब जुळवायची. म्हणून रंगाच्या बाबतीत ते माझंच ऐकतात.

आता त्यांना रंग निवडायचा असतो तो खेळाचा. त्या खेळात माती, झाडं, माणसंसुद्धा चौकोनी ठोकळ्यांची. ठोकळे रचत पूल बांधायचा, समोरच्यांचा पलंग फोडायचा, आपला राखायचा. पलंग फुटला की मेलेला परत उठत नाही. ठोकळ्यांवर कोणतं रूप चढवायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. त्याला टेक्स्चर पॅक म्हणतात. आप्पा म्हणतात खोळ. "उशी तीच, ताई. खोळ येगळी."

त्यांची लेक गिरिजा बंगळुरूला नोकरीला आहे. एरवी तिला फोनला वेळ नसतो. पण रविवारी दुपारी ती या खेळाची स्पर्धा खेळते, आणि जोडीला आप्पांना घेते. ती पूल बांधत पुढं जाते, आप्पा गल्ल्यावर बसल्यासारखे पलंगाशी बसतात. डाव चालेल तेवढा वेळ तिचं बोलणं. हरले की "ठेवते, आप्पा." म्हणून आप्पांना जिंकायचं असतं.

गिरिजानं एक खोळ पाठवली. जिंकणारे सगळे तीच घेतात म्हणे. तलवार आखूड, जाळ बुटका, डोळ्यापुढं आडवं काही येत नाही. दोन रविवार आप्पा तीच चढवून खेळले, मग त्यांनी मला हाक मारली.

"कशी हाय?"

"चांगली आहे की."

"लई हिरवं गवत हाय."

"गवत हिरवंच असतं, आप्पा."

"हाव. पण आमच्या जोडीचे कपडेबी हिरवेच हायत."

मग त्यांनी छत्रीखाली एकेक खोळ उलगडली. "ही लग्नातली. ही म्हाताऱ्या बाईची. ही धुतली की जाणार." सतरावी बघून मी थांबले. तिच्यात गवत वैशाखातल्या रानासारखं वाळलेलं होतं. तलवार मात्र केवढी तरी लांब. आप्पांनी मान हलवली. "उजेडात टिकला रंग."

रविवारी मी माझ्या ओट्यावर डाळ निवडत होते. आप्पांना कमी ऐकू येतं, त्यामुळे गिरिजाचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू येत होता.

"आप्पा, हे कोणतं पॅक? तलवारीनं अर्धा पडदा झाकलाय! बदला."

"बदलतो, बदलतो."

बदललं नाही.

"आप्पा, मागं बघा! पलंगापाशी आले! आप्पा!"

पहिल्याच फेरीत हरले.

"काय बघत बसला होतात तुम्ही? बाजूलाच होता की पलंग!"

"चुकलं, बाळ."

"बरं. ठेवते, आप्पा."

मला फार वाईट वाटलं. खोळ मी निवडली होती. मी कुणाच्या घरी आपणहून जात नाही, पण डाळीचं सूप खाली ठेवून त्यांच्या दारात गेले.

"आप्पा, मी रंग चुकीचा सांगितला."

"न्हाई, ताई." ते पडद्याकडेच बघत होते. "तिनं धाडलेल्या खोळीत ती लांब गेली की गवतात मिसळून जायची. नुसता आवाज यायचा. आज शेवटपर्यंत दिसली."

दुसऱ्या दिवशी निवडायचं काही राहिलं नव्हतं. तरी कॉम्प्युटर ओट्यावर आला, छत्रीही आली. मी धागा गुंडाळत जवळ जाऊन उभी राहिले. पडद्यावर नुसतं वाळलेलं गवत होतं, लांबवर, कुणी नसलेलं.

आप्पांनी त्यावर बोट ठेवलं.

"हितं हुती," ते म्हणाले.