अबोला आणि ब्रेकलाइट

मुलाखत साडेदहाला होती, रस्ता पंचवीस मिनिटांचा होता, आणि दहाला दहा कमी असताना सासरे जावयाच्या गाडीच्या मागे दोन्ही हात पसरून उभे होते.

"बाबा, बाजूला व्हा!" स्टिअरिंगवर बसलेल्या लेकीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ब्रेक दाब."

"दाबलाय!"

"मग लाइट कुठाय? दोन्ही बंद आहेत. अशी गाडी मी रस्त्यावर जाऊ देणार नाही."

लेक एका मोठ्या इस्पितळात परिचारिका होती. बारा वर्षांच्या नोकरीनंतर मुख्य परिचारिकेच्या जागेसाठी तिला बोलावणं आलं होतं, आणि तेही पुन्हा येण्यातलं नव्हतं. बाबा खास तिला शुभेच्छा द्यायला आले होते. बत्तीस वर्षं बस चालवून ते निवृत्त झालेले. पाच महिन्यांपूर्वी ते हीच गाडी चालवत असताना मागे बसलेला जावई म्हणाला होता, "बाबा, तुम्ही ब्रेक जरा जास्तच मारता." त्या दिवसापासून सासरे-जावई एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"तुझ्या नवऱ्याला विचार, स्क्रूड्रायव्हर आहे का. बल्ब गेलेत," सासरे म्हणाले.

जावई तिच्या शेजारीच बसला होता. विमा कचेरीतला कारकून. छापलेल्या कागदाशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा. त्याने कप्प्यातून गाडीचं माहितीपुस्तक काढलं. "बाबांना सांग, दोन्ही बल्ब एकदम जात नाहीत. फ्यूज गेलाय. पान एकशे बारा."

"बाबा, हे म्हणतायत..."

"ऐकलं! त्याला सांग, मी बस चालवली ती पुस्तक वाचून नाही."

"अहो, बाबा म्हणतायत..."

"मलाही ऐकू येतं. दोन मिनिटांचं काम आहे. तू फक्त ब्रेक दाबून बस."

सासऱ्यांनी डिकी उघडली आणि दोन्ही दिव्यांचे होल्डर बाहेर ओढले. जावई तिच्या इस्त्रीच्या कपड्यांवरून वाकून स्टिअरिंगखाली शिरला, फ्यूजच्या पेटीत बोटं घालून चाचपडू लागला. फ्यूज खरंच जळला होता. त्याने नवा बसवला आणि विजयी मुद्रेने मागे धावला.

"दाब!" सासरे ओरडले. काही नाही. दोन्ही होल्डर वायरींतून सुटून अजून त्यांच्याच हातात लोंबत होते, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"मी दाबतेच आहे! दहा वाजून गेले! मी टॅक्सीने जाते!"

"हलू नकोस!" डिकीच्या आडून दोघं एकदम ओरडले.

पुढून दार आपटल्याचा आवाज आला.

"चिडली," जावई पुटपुटला.

"आईवर गेलीय," सासरे म्हणाले. "इकडे धर हे."

जावयाने होल्डर धरले. सासऱ्यांनी डिकीच्या बिजागरीपाशी बोट फिरवलं आणि थांबले. उघडझाप होऊन होऊन तिथली एक वायर सोलली होती, आतली तार मधूनमधून पत्र्याला टेकत होती.

"म्हणून फ्यूज उडाला तुझा."

"हे पुस्तकात नाहीये," जावई खालच्या आवाजात म्हणाला.

"कसं असेल? टेप दे."

त्यांनी वायरला काळी टेप गुंडाळली, बल्ब पुसले, दोन्ही होल्डर जागेवर बसवले. जावई गुडघ्यांवर बसून दिव्यांकडे टक लावून राहिला.

"दाब!"

अंधार.

"सोड! पुन्हा दाब! अगं, दाबलास का?"

उत्तर नाही.

"बोलत नाहीये ती," जावई घाबरून म्हणाला.

"बोलू नको म्हणावं. नुसतं दाब म्हणावं."

दोघांनी बल्बांची अदलाबदल केली. पिना पॉलिश पेपरने घासल्या. जावयाने पान एकशे तेरा मोठ्याने वाचलं, सासऱ्यांनी कधी नव्हे ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शर्टांना ग्रीस लागलं, जावयाचं बोट कापलं, सासऱ्यांनी स्वतःच्या रुमालाने ते बांधलं. आणि दर वेळी "दाब!" म्हटलं की दिवे ठार बंद. घड्याळाकडे बघायची कोणाचीच छाती होत नव्हती. तिची बढती आपल्यामुळे हुकणार, हे दोघांनाही कळत होतं.

"आता एकच राहिलं," सासरे कपाळ पुसत म्हणाले. "पेडलवरचा स्विच. तिला पाय काढायला सांग."

जावई पुढे गेला. तो दाराशीच थबकला.

"काय झालं?"

"बाबा... जरा इकडे या."

सासरे आले. चालकाची जागा रिकामी होती.

दोघं त्या रिकाम्या सीटकडे बघत राहिले. मग सासरे आत बसले आणि ब्रेकवर पाय ठेवला. मागे धावलेल्या जावयाच्या तोंडावर लालभडक उजेड पडला.

"लागले! बाबा, दोन्ही लागले!"

"केव्हापासून लागतायत कोण जाणे," सासरे म्हणाले. "किती वाजले?"

साडेअकरा. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो सासऱ्यांपुढे धरला, सासऱ्यांनी परत त्याच्यापुढे ढकलला. शेवटी स्पीकर लावून दोघं त्यावर वाकले.

"झाली मुलाखत," लेक म्हणाली. "वेळेत पोचले. बहुतेक होईल काम."

"अगं, सांगून तरी जायचंस!" दोघं एकदम म्हणाले.

"सांगितलं होतं. बरं, ऐका ना. शेवटचा प्रश्न फार अवघड होता. हाताखालच्या दोन माणसांचं एकमेकांशी अजिबात पटत नसेल, तर त्यांच्याकडून एकत्र काम कसं करून घ्याल?"

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयाने रुमाल बांधलेल्या बोटाकडे.

"मग तू काय सांगितलंस?" सासऱ्यांनी विचारलं.

"म्हटलं, आपण मधून उठून जायचं."