चावीतला च

आमच्या शहरात माझ्याइतके तयार कान दुसऱ्या कोणाला नाहीत, हे मी अगदी नम्रपणे सांगतो. बावीस वर्षं कॉलेजात भाषेची ध्वनिव्यवस्था शिकवतोय. 'पान'मधला प काढून क घाला, कान होतो. म्हणजे प आणि क हे दोन वेगळे स्वनिम. ध्वनी बदलला, अर्थ बदलला! एवढंच ते शास्त्र. बाकी पगार.

यंदा विभागप्रमुखपद मलाच मिळणार होतं. मुलाखतीत फक्त नवं संशोधन ऐकवायचं होतं. माझा विषय 'च'. चहातला च वेगळा, चमच्यातला वेगळा. अक्षर एकच, तरी बोलणारा कधी चुकत नाही. पण नमुना हवा नैसर्गिक! माइक दिसला की माणसं बातम्या दिल्यासारखी बोलतात. म्हणून मी स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याशेजारी रेकॉर्डर ठेवून दिला. बायकोला अशा गोष्टींची सवय होती.

तीन आठवडे नुसता भांड्यांचा आवाज! मग एका सकाळी ती ओट्याशी उभी राहून म्हणाली, "चार तारखेला मी चालले. चावी चपलांच्या कपाटावर ठेवीन."

मी खुर्चीतून उडालोच! 'चार'मध्ये एक च. चालले, चावी, चपला यांत दुसरा. एका दमात दोन्ही!

"पुन्हा म्हण!"

"काय?"

"हेच! जरा डब्याकडे तोंड करून."

तिने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा म्हणाली.

"वा! अजून एकदा, म्हणजे सरासरी काढता येईल."

तिसऱ्यांदा तिचा आवाज थरथरला. मी वहीत नोंद केली : 'कंप. नमुना टाकाऊ.'

"अहो, मी काय म्हणाले ते कळलं ना तुम्हाला?"

"शब्द न् शब्द!" मी म्हणालो.

दुसरा नमुना मी दीडशे वेळा ऐकला. एकेक च मिलिसेकंदात मोजला.

मुलाखतीला आमचे प्राचार्य, बाहेरून आलेले एक तज्ज्ञ आणि एकेकाळी मला शिकवणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या बाई. मी बटण दाबलं. बायकोचा आवाज खोलीभर, अगदी स्वच्छ. प्राचार्य पंख्याकडे बघू लागले. तज्ज्ञ चष्मा पुसू लागले.

बाईंनी विचारलं, "अरे, आज तारीख किती?"

"चार, बाई. यातला च पहिल्या प्रकारचा!"

कोणी हसलं नाही.

"आणि ही बोलतेय कोण?"

"आमचीच मंडळी. नमुना अगदी घर..."

तिथे माझं तोंड उघडंच राहिलं. दीडशे वेळा ऐकलेलं वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं.

धावत घरी आलो. चावी चपलांच्या कपाटावर होती. आत फक्त माझ्या चपला.

फोन लावला. "घरी ये."

"पुन्हा म्हणा."

"घरी ये ना!"

"अजून एकदा."

म्हणालो. या वेळी माझाही आवाज थरथरला.

"कंप," ती शांतपणे म्हणाली. "नमुना टाकाऊ." आणि फोन ठेवला.

म्हणजे वही वाचली होती तर!

पद मात्र मिळालं. समितीने शेरा दिलाय : 'नमुना अत्यंत नैसर्गिक.'