भूक कोणत्या इंग्रजीत लागली?

त्या उपाहारगृहात सूपवरून तंटा झाला, तेव्हा मालकांना धोरण आखणे भाग पडले.

सूप ठीकच होते. पण अमेरिकेहून परतलेल्या एका गिऱ्हाइकाने ते "ऑसम" ठरवले आणि शेजारच्या, लंडनमध्ये शिकून आलेल्या गृहस्थांनी "नॉट बॅड". आवडले दोघांनाही होते, तरी जुंपली. मालकांनी लगोलग टेबलांची विभागणी केली. खिडकीकडे अमेरिकन इंग्रजी, भिंतीकडे ब्रिटिश, बेसिनजवळ ऑस्ट्रेलियन. "कॅन आय गेट" म्हणणाऱ्याला फक्त खिडकीकडे वाढायचे. भिंतीकडे बसून कुणी "चिप्स"ऐवजी "फ्राइज" मागितले, तर त्याला सन्मानपूर्वक स्थलांतरित करायचे. बटाटे मात्र सगळ्यांसाठी एकाच कढईत तळले जात.

अंमलबजावणी मुख्य वेटरच्या गळ्यात पडली. बिचारा कधीपासून हंगामीच होता. धोरण नीट राबवलेस तर कायम करतो, असा मालकांनी शब्द दिला होता. मग काय विचारता! खिडकीकडे ऑर्डर देऊन भिंतीकडल्या थाटात "लव्हली" म्हणणाऱ्या एका काकांचे आइस्क्रीम त्याने चौकशी पूर्ण होईपर्यंत ताब्यात घेतले. आइस्क्रीम वितळले, शिस्त टिकली.

आणि नेमके मालक गल्ल्यावर असताना वेटरची आई आली. लेकाचे हॉटेल बघायची तिला भारी हौस. ठेवणीतल्या चपला घालून आलेली ती माउली दिसेल त्या खुर्चीवर टेकली.

"भूक लागलीय रे. काहीतरी गरम आण, बाळा."

वाक्यात संदिग्ध काहीच नव्हते. अडचण एवढीच, की ते कोणत्याच टेबलाला लागू होत नव्हते. मालकांनी चष्म्यावरून पाहिले. वेटर ताठ उभा राहिला.

"मॅडम, आधी आपला विभाग निश्चित करा. तोवर बाहेरच्या बाकावर बसा."

"अरे, मी तुझी आई आहे."

"हो, मॅडम. पण कोणत्या विभागातली?"

आई उठली. "घरी झाकून ठेवते. दमून येशील, जेवून घे," म्हणाली आणि गेली.

मालकांनी त्याला तिथल्या तिथे कायम केले. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवे.

बाकीच्यांचे काय? खिडकीकडे, भिंतीकडे, बेसिनजवळ बसलेल्या प्रत्येकाला तिचे वाक्य लख्ख कळले होते, आणि प्रत्येकाने मेनूकार्डात डोके खुपसले होते. आपण त्यातल्या कोणत्या टेबलावर होतो, ते ज्याने त्याने आठवावे. पण त्याआधी ऑर्डरचे वाक्य मनात नीट जुळवून घ्या. वेटर तुमच्याकडेच येतोय.