टाचेपासून मुठीपर्यंत

आमच्या शेजारचे देवधरकाका रोज सकाळी साडेसहाला सहा किलो मुगांना मारत. मूग कॅनव्हासच्या पिशवीत शिवलेले, पिशवी भिंतीवर ठोकलेली, आणि नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनच्या आमच्या चिकटून उभ्या घरांत भिंत दोघांत मिळून एकच. पलीकडे त्यांची मूठ, अलीकडे माझी उशी. धप्प. मोजून एकशे आठ.

काका संगणकाच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांचे इंजिनिअर. चिनी कुंग फू तीस वर्षांचं, पुण्यात असल्यापासून. सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात: "ताकद हातात नसते, टाचेत असते." टाच जमिनीला रेटायची, कंबर वळवायची, खांदा सैल सोडायचा. मूठ म्हणजे नुसता पोस्टमन. सायकलमध्ये हवासुद्धा ते टाचेतून भरत. सुमनकाकू म्हणायच्या, "चहाही टाचेतून गाळतात, म्हणून सांडतो."

करोनाची साथ आली आणि काकांनी दारात पवित्रा घेतला, अगदी खराखुरा. सरकारने माणसामाणसांत दीड मीटर सांगितलं होतं. मागची टाच उंबऱ्याला लावून काका मूठ पुढे करत. "इथपर्यंत. टाचेपासून मुठीपर्यंत दीड मीटर, वर चार बोटं. पुढे नाही." पार्सलवाला खोकं टाकून पळाला. मी हसले. काका हसले नाहीत.

"सुमनला दमा आहे गं. ते दारातून आत आलं तर मी मारू कुणाला? दिसत नाही ते."

त्याच आठवड्यात दुकानांतून डाळी गायब झाल्या, आणि मी काकांना सायकलवरून बारा किलो मूग नेताना पाहिलं. मला असलं काही सहन होत नाही. मराठी ग्रुपवर मी 'साठेबाजांनो, लाज बाळगा' असं सणसणीत पत्रक टाकलं. नाव घातलं नव्हतं, सायकलचा रंग घातला होता.

संध्याकाळी कुंपणापलीकडून काका म्हणाले, "पत्रक वाचलं. भाषा चांगली आहे. पण ते खायला नाहीत. पिशवीतल्या जुन्यांचं पीठ झालं."

"काका, लोकांना डाळ मिळत नाहीये आणि तुम्ही तिला बुक्के मारता?"

"वाळूने मनगट जातं. मूग मार खातात आणि उलट लागत नाहीत."

दुसऱ्या दिवशी माझ्या दारात सहा किलो मूग होते. वर चिठ्ठी: 'ग्रुपमध्ये वाटून टाक. पत्रकासकट.'

नोव्हेंबरात एका सकाळी धप्प आलंच नाही. सात वाजले, साडेसात वाजले. ज्या आवाजाविरुद्ध मी घरमालकाला तीन पानी तक्रार लिहिली होती, त्याची मी भिंतीकडे बघत वाट पाहत होते. शेवटी फोन केला.

"दोघांनाही ताप आहे," काका म्हणाले. "सुमनला जास्त. हाउसआर्ट्स, आपला इथला फॅमिली डॉक्टर, म्हणतो, घरीच ठेवा, ओंजळीसारखा हात करून पाठीवर थोपटा, कफ सुटला पाहिजे. बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा आणखी उतरला तर अँब्युलन्स. ती नेली तर मला आत सोडणार नाहीत गं."

दुपारी मी खिडकीच्या कठड्यावर डबा ठेवला. इथल्या खिडक्यांना पडदे नसतात. झडप जराशी उघडी होती. काकू पलंगावर पालथ्या, शेजारी काका. त्यांचा हात काकूंच्या पाठीवरून पोळीवरचं पीठ झटकावं तसा फिरत होता.

"अहो, थोपटताय की पुसताय?" काकूंचा आवाज शिट्टीसारखा येत होता. "जोर लावा की."

"लावतोय." काकांनी माझ्याकडे पाहिलं. "जोर येतच नाहीये गं. हिला लागेल."

मी बाहेरून ओरडले, "काका, टाच!"

त्यांनी खाली पाहिलं. टाच जमिनीला रेटली. कंबर वळली, खांदा सुटला. धप्प. पुन्हा धप्प. काकू खोकल्या.

पुढचा आठवडा मी भिंतीला कान लावून काढला. बारा-पंधरा धप्प, मग शांतता, मग खोकला. त्या मधल्या शांततेत मी श्वास घेत नव्हते. आमच्या गल्लीत दोनदा अँब्युलन्स आली, दोन्ही वेळा पुढे गेली.

आठव्या दिवशी सकाळी साडेसहाला भिंतीपलीकडून काकूंचा खणखणीत आवाज आला, "पुरे हो आता! पाठ आहे ही, मूग नव्हेत!"

मग काका हसायला लागले. निदान पहिला हुंदका ऐकू येईपर्यंत तरी मला ते हसणंच वाटलं.